रिपोर्टवर ‘एलसिल’ आलंय, चुकलं कुणाचं? निपाणीजवळच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. वय ३६. लग्न अठराव्या वर्षी, पहिलं बाळंतपण एकोणिसाव्या, दोन मुलं. धाकटीनंतर तांबी बसवली होती, ती काढल्यापासून सहा वर्षं माला-एन, म्हणजे गर्भनिरोधक गोळी, चालू आहे. मिश्रीची सवय आहे, घरात सासरे बिडी ओढतात. मिस्टर पुण्यात नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. गावच्या शिबिरात पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी, झाली आणि रिपोर्टवर ‘एलसिल’ असं आलं. सासूबाई म्हणतात तांबीनं झालं. जाऊबाई म्हणतात पिशवी काढून मोकळी हो. आणि तुमचं शेवटचं वाक्य: ‘मॅडम, माझं काय चुकलं, का ह्यांचं?’

तुम्ही कारण विचारलंय, पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, दोष कुणाचा. कारण मी सांगू शकते. दोष मात्र त्या कागदावरून ठरत नाही, आणि कुणी ठरवून दिला तर मानू नका. मी तुम्हाला तपासलेलं नाही, फक्त तुम्ही लिहिलेलं वाचलंय. त्यामुळे पुढचं नेमकं पाऊल तपासणीत काय दिसतं त्यावर ठरेल. पण बेळगाव जिल्ह्यात २६ वर्षं बायका तपासतेय, आणि हा कागद हातात घेऊन रडत आलेल्या किती जणी पाहिल्या याचा हिशोब नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो शब्द. एलसिल म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या, पेशींत दिसलेला सौम्य बदल. कॅन्सर नव्हे. बेळगावातल्या माझ्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी अशा काचपट्ट्या पुष्कळ पाहिल्यात. निरोगी पेशी तव्यावरच्या आंबोळीसारखी पसरट दिसते, मधोमध ठिपक्याएवढं केंद्रक. बदललेल्या पेशीत तेच केंद्रक तिपटीनं मोठं, गडद, कडा वाकड्यातिकड्या, कधी एकाच पेशीत दोन-दोन. आणि भोवती रिकामं पांढरं वलय, जणू केंद्रकाभोवतीची जागा कुणी पुसून काढलीय. ते वलय दिसलं की मैत्रीण लगेच म्हणते, ‘एचपीव्ही.’

हा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू हेच मूळ कारण. याचे २०० हून जास्त प्रकार आहेत, त्यातले साधारण १४ धोक्याचे. १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे असतात. पूर्वी डॉक्टरांचा संशय हर्पीसच्या विषाणूवर होता. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये १६ नंबरचा आणि पुढच्या वर्षी १८ नंबरचा प्रकार या कॅन्सरच्या गाठीतून शोधून काढला, तेव्हा खरं कारण हाती लागलं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुलींना जी लस देतो ती याच शोधातून आली.

आता नवऱ्याचा विषय, कारण मला वाटतं तुमची झोप त्यानंच उडालीय. हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून येतो. ज्यांचे संबंध आलेत अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. कळतही नाही. ताप नाही, दुखणं नाही, अंगावर जाणं नाही. तो वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग एखाद्या तपासणीत दिसतो. आज दिसला म्हणून तो गेल्या महिन्यात पुण्याहून आला, असं जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेलाही असेल. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या बायकांतही तो सापडतो. पुरुषांसाठी याची नेहमीच्या वापरातली चाचणी नाही, त्यामुळे ‘ह्यांचीही तपासणी करून घेऊ’ म्हटलं तरी हाती काही लागणार नाही. काही वर्षांपूर्वी अथणीकडच्या एका मुलीला असाच कागद पाहून सासरच्यांनी माहेरी पाठवलं होतं. दोन्हीकडच्या मंडळींना समोर बसवून मी हेच, याच शब्दांत सांगितलं. ती मुलगी परत नांदायला गेली. पण त्या चार महिन्यांत तिचं जे झालं ते कुठल्याही औषधानं भरून निघालं नाही. म्हणून तुम्हाला विनवते, हा कागद भांडणात पुरावा म्हणून वापरू नका, आणि दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका.

विषाणू इतक्या जणींना होतो, मग कॅन्सर थोड्याच जणींना का होतो? माझ्या दृष्टीनं विचारायचा प्रश्न हा आहे. दहापैकी नऊ जणींचं शरीर दोन वर्षांत हा विषाणू स्वतःच काढून टाकतं. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो, त्यांच्यात पुढचा बिघाड होतो. पेशी बिघडली तर तिला अडवायचं किंवा संपवायचं, हे काम करणारं एक प्रथिन आपल्या पेशीत असतं, पी-५३. गरज नसताना पेशीनं वाढू नये हे बघणारं दुसरं, आरबी. वर्षानुवर्षं ठाण मांडलेला धोक्याचा एचपीव्ही या दोघांनाही निकामी करतो. राखणच उठली की पेशी मोकाट वाढते. तरीही सगळं एकदम होत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर बदलापासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं लागतात. ही मुदत आपल्या हातात आहे, म्हणूनच तपासणीला अर्थ आहे.

तर विषाणू मुक्काम का ठोकतो? इथं परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. तुम्ही लिहिलेल्या एकेका गोष्टीकडे बघू.

लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण. हे समजवायला मी केसपेपरच्या मागे नेहमी एक चित्र काढते. पिशवीच्या तोंडाशी दोन प्रकारच्या पेशी भेटतात. बाहेरच्या बाजूला चिवट, थरांवर थर असलेल्या. आतल्या नळीत एकपदरी, नाजूक, लालसर. खानापूरकडची तांबडी माती कुठं संपली आणि काळी कुठं लागली याची रेघ ओढता येत नाही, मध्ये मिसळीचा पट्टा लागतो. इथंही तसाच पट्टा आहे. मुलगी वयात येताना आणि पहिल्या गरोदरपणात तो बाहेर सरकतो. आतल्या नाजूक पेशी उघड्या पडतात आणि हळूहळू चिवट पेशींत बदलू लागतात. हा बदल निसर्गाचाच, पण त्या बदलाच्या काळात पेशी विषाणूला लवकर बळी पडतात. पॅपमध्ये दिसणारे जवळजवळ सगळे बिघाड याच पट्ट्यात सुरू होतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तुमचा पट्टा सगळ्यात उघडा होता. हे तुमच्याकडून ‘चुकलं’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या वयात तुम्हाला कुणी विचारलं होतं? तीन किंवा जास्त बाळंतपणांनीही धोका वाढतो, पण तुमची दोनच आहेत. ते सोडून द्या.

माला-एन. पाच वर्षांहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांत धोका थोडा वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतो. हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. नको असलेलं गरोदरपण हे आजच्या घडीला तुमच्यासाठी त्याहून मोठं संकट आहे. तपासणीला जाल तेव्हा दुसरा उपाय विचारा. तांबी पुन्हा बसवायला माझी हरकत नाही. सासूबाईंना सांगा, तांबीमुळे हा कॅन्सर वाढत नाही. उलट तांबी वापरणाऱ्यांत तो कमीच आढळलाय.

तंबाखू. निपाणीच्या माणसाला मी तंबाखूबद्दल काय सांगणार. तुमच्यातल्या कित्येक घरांची चूल वखारीच्या पगारावर पेटलीय. तरी सांगते. धुराबद्दलचा पुरावा भक्कम आहे. धूर ओढणाऱ्या बाईच्या रक्तातून निकोटीन आणि त्यापासून तयार होणारी द्रव्यं थेट पिशवीच्या तोंडावरच्या चिकट स्रावात उतरतात आणि तिथली प्रतिकारशक्ती दुबळी करतात. म्हणून सासऱ्यांची बिडी निदान अंगणात जाऊ दे. मिश्रीचा भक्कम पुरावा तोंडाच्या कॅन्सरबाबतचा आहे, आणि सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे. एकदम सुटत नाही हे मला माहीत आहे. दिवसातून चार वेळा लावत असाल तर आधी दुपारची सोडा.

प्रतिकारशक्ती. यादीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, आणि नेमकं हिच्याबद्दलच तुम्ही काही लिहिलेलं नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका साधारण सहापट असतो, आणि १५-२० वर्षांचा प्रवास पाच-दहा वर्षांत उरकतो. माझ्याकडे पेशींचा बदल घेऊन आलेल्या प्रत्येकीला मी ही चाचणी करायला सांगते, अगदी पाटलांच्या घरातल्या सुनेलाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि गुप्त ठेवतात. संधिवातासाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किडनी बदललेली असेल, तरी विषाणू लवकर हटत नाही. यातलं काही असेल तर डॉक्टरांना न विचारताच सांगा.

क्लॅमिडियासारखा दुसरा संसर्ग सोबत असेल तरी भर पडते. त्यावर औषध आहे, प्रश्न मिटतो.

घरोघरी ऐकू येणारी बाकीची कारणं, म्हणजे पाळीत कापड वापरणं, उष्ण खाणं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, यांतून हा बदल होत नाही. ओलं कापड वापरून जंतुसंसर्ग झाला तर रिपोर्टवर ‘इन्फ्लमेटरी’ असं येतं. म्हणजे फक्त सूज. पाळी गेलेल्या बाईत पेशी सुकतात, त्याही कधी संशयास्पद दिसतात. तिथं आम्ही इस्ट्रोजेनची मलम काही दिवस लावायला देऊन तपासणी पुन्हा करतो. ‘इन्फ्लमेटरी’, ‘एलसिल’ आणि ‘एचसिल’ या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एचसिल, म्हणजे पेशींतला तीव्र बदल, आला तर मात्र दिवस घालवायचे नाहीत. सगळ्यात गंभीर, तिसऱ्या टप्प्याचा बदल (हे टप्पे पेशींतल्या बदलाचे, कॅन्सरचे नव्हेत) तसाच सोडला तर ३० वर्षांत जवळपास ३० टक्के बायकांत कॅन्सर होतो.

आता जाऊबाईंचा सल्ला. याविषयी मला शांतपणे लिहिता येत नाही. ‘अंगावर पांढरं जातंय, पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सांगून आपल्या भागात तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात. खानापूरकडची एक ३१ वर्षांची बाई माझ्याकडे आली तेव्हा पिशवी जाऊन दोन वर्षं झाली होती. अंडाशयंही काढलेली. अंगातून वाफा निघायच्या, सांधे धरले होते, भाताच्या लावणीला उभं राहता येत नव्हतं. हातातल्या थैलीतून तिनं जुना रिपोर्ट काढून दिला. त्यावर लिहिलेलं होतं, ‘इन्फ्लमेटरी’. आठवड्याच्या गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. ताई, एलसिलसाठी पिशवी काढत नाहीत. शिवाय आत खरोखर कॅन्सर लपलेला असेल आणि तो न तपासता साधी पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि विषाणू योनीच्या वरच्या भागात राहू शकतो, म्हणजे काढूनही तपासण्या चुकत नाहीतच.

मग करायचं काय? कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून बघायची तपासणी, करून घ्या, आणि जमलं तर त्याच वेळी एचपीव्ही चाचणी. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडेल, बेळगावलाही सोय आहे. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं ते निघण्याआधी फोन करून विचारा, राज्य बदललं की कार्डाचे नियम बदलतात. पाळी चालू नसताना जा, आदल्या दोन दिवसांत संबंध नकोत, आत औषध घालू नका. आणि मूळ रिपोर्ट न्या, मोबाइलमधला अर्धवट फोटो नको.

तिथं काय होतं ते आत्ताच सांगते, म्हणजे टेबलावर भीती वाटणार नाही. पॅप तपासणीच्या वेळेसारखंच झोपवतात. पिशवीच्या तोंडाला कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात. म्हणजे व्हिनेगरच, थोडं झोंबतं. मिनिटभर थांबायचं. जिथल्या पेशी बदलल्यात ती जागा हळूहळू दुधाच्या सायीसारखी पांढरी होते. मी स्क्रीन बाईकडेच वळवते आणि तिला बघायला लावते. गेल्या पावसाळ्यात संकेश्वरच्या एका मावशींनी तो नखाएवढा पांढरा डाग बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, ‘एवढंच व्हय? मी तर आत सगळं सडलंय समजून बसले होते.’ त्या डागाचा ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा तपासायला काढतात. चिमटा घेतल्यासारखं वाटतं. दोन-तीन दिवस थोडं लाल किंवा काळपट जातं.

तुकड्यात पहिल्या टप्प्याचा बदल निघाला, आणि एलसिलनंतर बहुतेकदा तोच निघतो, तर उपचार काहीच नाही. वर्षभरानं पुन्हा तपासणी. अशा बदलांपैकी साधारण ६० टक्के आपोआप जातात. त्या वर्षात निरोध वापरलात तर शरीराला विषाणू काढायला मदतच होते. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचा निघाला तर तेवढाच भाग तारेच्या कड्यानं कापून काढतात किंवा उष्णतेनं जाळतात. बहुतेक वेळा जागा सुन्न करूनच होतं, संध्याकाळी घरी. पिशवी जागेवर राहते.

‘वर्षभरानं या’ हे वाक्य मात्र हलकं घेऊ नका. माझ्या हातून एक चूक झालीय, ती सांगते. पंधरा वर्षांपूर्वी चिकोडीकडची एक ऊसतोड करणारी बाई. तुकड्यात तिसऱ्या टप्प्याचा बदल निघाला. रिपोर्ट येईपर्यंत हंगाम सुरू झाला आणि टोळी गेली. माझ्याकडे फक्त गावाचं नाव होतं. माहेरचा पत्ता, शेजाऱ्याचा फोन, काही घेतलेलं नव्हतं. ती चार वर्षांनी आली, तेव्हा तिला मिरजेला कॅन्सरच्या उपचाराला पाठवावं लागलं. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर दोन फोन नंबर असतात, एक सासरचा, एक माहेरचा. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाहीत तरी तुम्ही लिहून द्या.

तुम्ही जाता जाता मुलीचं लिहिलंय, ती अकरा वर्षांची आहे म्हणून. तिला लस द्या. ९ ते १४ हे सगळ्यात चांगलं वय, कारण विषाणू भेटायच्या आधी लस पोचायला हवी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक १६ आणि १८ दोन्हींवर चालते. या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. तुम्हाला आज आलेला बदल मात्र लसीनं बरा होत नाही. त्या आशेनं स्वतःसाठी पैसे घालू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या प्रश्नात सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत आणि त्यांची ही तपासणी एकदाही झालेली नाही, असं ओघात आलंय. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांत बायकांची एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली, तिथं आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे होते. त्या बायका तुमच्या सासूबाईंसारख्याच, ज्वारी काढणाऱ्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या. खरं सांगायचं तर तुमच्या एलसिलपेक्षा मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा लाल डाग दिसतो का, हे त्यांना आज एकट्यात, हळूच विचारा. हो म्हणाल्या तर कॉल्पोस्कोपीच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात त्यांना दाखवा. नाही म्हणाल्या तरी तुमच्या तारखेला सोबत म्हणून त्यांनाच घेऊन जा, आणि दोघींचे केसपेपर काढा.